वीणा खाली ठेवायची नाही

।। श्री ।।
पिंपळथडी, भाद्रपद वद्य पंचमी

चि. रूपा हिस, वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझंच पाकीट उलटून, कडा खळीने चिकटवून हे पाठवते आहे, म्हणून आतल्या बाजूला तुझा पत्ता दिसला तर हसू नकोस. चांगला कागद फेकवत नाही माझ्याने.

तू चिडवलंस की लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात आणि वहिनीने मोबाइल सोडला. सोडला खरा. कार्तिकी एकादशीपर्यंत हात लावायचा नाही. तुझ्या मोठ्या भावांची पंचाईत झाली आहे. ते वरणगावहून फॅक्टरीच्या सुट्टीला शनिवारी येतात, तेव्हा आठवड्याच्या सगळ्या चौकश्या एकदम करतात. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही पत्र लिहा की. तर म्हणाले, तीस वर्षांच्या संसारात आता पत्र लिहायला लागलो तर पोस्टमन संशय घेईल.

पण मोबाइल ठेवला आणि संध्याकाळी नदीवर जायला लागले, तेव्हा डोळे उघडले. आपली नदीतली विहीर, जिच्यावर सगळ्या गावाचे नळ चालतात, तिच्या भोवतीची वाळू जवळजवळ संपली. कठड्याखाली हात घालावा तर पोकळ. गेल्या वैशाखात नळ आठवड्याने येत होता आणि पाण्याला वास. रूपा, वाळू म्हणजे नदीचा रांजण गं. पाऊस कितीही पडो, रांजणच फुटला तर भरायचं कशात? यंदा पूर ओसरला की ट्रॅक्टर पुन्हा उतरतील. असाच आणखी एक हंगाम गेला तर विहीर कोसळेल, हे सांगायला शिकलेला माणूस नको.

आणि त्या ट्रॅक्टरांत एक आपल्या घरचा आहे. अभिमनभाऊंनी नवा ट्रॅक्टर घेऊन वाळूला लावला. मी विरोध केला तेव्हा म्हणाले की वहिनी, मी नाही नेली तर दुसरा नेईल. ज्या हातांनी गावच्या भजनात पखवाज वाजायचा ते आता स्टेअरिंगवर. वर्ष झालं, ते भजनाला फिरकले नाहीत. आपली माय तर पोटच्या मुलाने आणलेल्या पाण्याच्या बाटलीलाही शिवत नाही.

आम्ही भजनाच्या बाया निवेदन घेऊन तालुक्याला गेलो होतो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी गावातल्या माणसांना घेऊन या. आमच्या झुंबरबाईंनी तिथेच विचारलं की साहेब, डोक्यावर हंडा असतो तेव्हा कोणी म्हणत नाही माणसांना घेऊन या.

तू इतकी वर्षं मोर्चे काढतेस. एखादी गोष्ट थांबवायची कशी ते मला सांग. फक्त एक अट. आम्ही गळ्यात माळ घातलेल्या बाया. कोणाला शिव्या देणं, कोणाचा पुतळा जाळणं आमच्याने व्हायचं नाही. माळ न काढता जे करता येईल ते सांग.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो नदीसारखा आटू देऊ नकोस.

तुझी वहिनी,
दिपमाला

---

धुळे, २२ सप्टेंबर

ती. सौ. वहिनींस, रूपाचा सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर होतं. मी सातपुड्याकडच्या पाड्यांवर गेले होते. तिथे भुरीबाई आणि तिचा नवरा सिंगा यांचं जंगल राखायचं काम चाललं आहे, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. विहिरीचे फोटो काढून घ्या, तुम्ही नाही तर अभिमनदादाच्या पुनमला सांगा. अर्जाची पोच घ्या. ग्रामसभेत ठराव मांडा. मग कचेरीसमोर एक दिवसाचं धरणं, त्याची रीतसर परवानगी काढून. आधी एक दिवस. जमलं तर पुढे वाढवा. संघटना अशीच पायरी पायरीने चढते.

आता तुमच्या अटीबद्दल. वहिनी, रागावू नका, पण देवाला यातून बाहेर ठेवा. मी देवाच्या विरोधात आहे म्हणून नाही. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही लग्न होऊन आलात आणि रोज माझी वेणी घालताना नामस्मरण करायचात, ते अजून कानात आहे. पण एकदा एका गावात रेशनसाठी बाया बसल्या होत्या. कोणाच्या तरी मनात आलं, रोज आरती करूया. तिसऱ्या दिवशी पुढारी आला, आरतीचं ताट त्याच्या हातात गेलं, फोटो निघाला, आणि निवडणूक होईपर्यंत रेशनचं नाव कोणी काढलं नाही. देवाला मोर्चात आणलं की त्याच्या मागोमाग पुढारी येतो. त्याला मग हाकलताही येत नाही, कारण तोही नमस्कारच करत असतो.

आणि दुसरं, खरं सांगू? टाळ वाजवून ट्रॅक्टर थांबत नाहीत.

अभिमनदादाचं वाचून वाईट वाटलं. त्याला मी फोन केला होता. म्हणाला, तू धुळ्याहून उपदेश करू नकोस, गावात राहून दाखव. खोटं नाही म्हणाला.

मायला माझा नमस्कार सांगा. तुमचा हात माझ्या डोक्यावर आहे तसाच राहो.

तुमची,
रूपा

---

।। श्री ।।
पिंपळथडी, आश्विन वद्य प्रतिपदा

चि. रूपा हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलेलं सगळं केलं. फोटो काढले, पोच घेतली. ग्रामसभेलाही गेलो, पण ती मारुतीच्या ओट्यावर भरते आणि त्या ओट्यावर बाया चढत नाहीत, म्हणून आमचं म्हणणं खालून सांगावं लागलं. वरच्यांना ऐकू आलं नाही. धरणं मात्र केलं नाही. कचेरीसमोर बसून नदीतले ट्रॅक्टर कसे दिसणार?

म्हणून मी माझ्या बुद्धीने एक काम केलं आहे. आता चुकलं म्हणायलाही उशीर झाला.

तुला आठवतं ना, सप्ताह बसला की वीणा कशी असते. एकदा उचलली की समाप्तीपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. दोन दोन तासांचा पहारा, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, दिवस असो की रात्र. वीणा धरणाऱ्याने बोलायचं नाही, बसायचं नाही, फक्त नाम आणि सूर. मनात आलं, हेच तर पाहिजे. नदीत उतरायला वाट एकच, दोन्हीकडे उंच दरड. त्या वाटेवर मांडव घालून सप्ताह बसवला तर? बायांनी लगेच उचलून धरलं.

मारुतीच्या देवळातली वीणा मागितली तर मंडळी म्हणाली, बायांच्या हाती वीणा देत नाहीत. मी म्हटलं, माझं माहेर मुक्ताईनगर. मुक्ताईच्या गावात जन्मले, बाईने वीणा धरू नये हे मला तरी सांगू नका. माझ्या भावाला, पुनाला, पत्र टाकलं. तो आमच्या वडिलांची वीणा एसटीत मांडीवर घेऊन आला. कंडक्टर तिला सामानात टाका म्हणाला, तर याने तिचं अर्धं तिकीट काढायची तयारी दाखवली. काढायला लागलं नाही, बरं झालं.

कोजागिरीला दिवस मावळताना पूजा केली. ठरलं होतं सात दिवसांचं. संकल्प झुंबरबाईंनी सोडायचा होता, त्यांचा आवाज मोठा म्हणून. पळीत पाणी घेतलं, आणि नेमका त्या वेळी वरून एक ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवायला लागला. झुंबरबाई तापल्या. सात दिवस म्हणायचं सोडून मोठ्यांदा बोलून गेल्या की जोवर नदीमा ट्रॅक्टर उतरतस तोवर हाई वीना खाले ठेवाव नही. आणि हातावरून पाणी सोडलं. आम्ही सगळ्या सवयीने विठ्ठल विठ्ठल म्हणालो. म्हटल्यावर एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं.

झुंबरबाई तेव्हापासून कपाळाला हात लावून आहेत. पण पाणी सोडलं ते सोडलं. मी हिशेब ठेवणारी बाई, दुकानदाराशी उधारी ठेवत नाही, देवाशी कशी ठेवू? कापूस फुटला आहे, वेचणीला बाया लागतील, दिवाळी तोंडावर आहे, आणि आमच्या हातात ही वीणा. तरी सांगते, भीती वाटत नाही. पहिल्या रात्री तो ट्रॅक्टर उभा राहिला आणि मग मागे गेला. चालवणारा गावातलाच होता. जाताना वीणेला नमस्कार करून गेला.

तू म्हणालीस टाळ वाजवून थांबत नाही. थांबला गं. आता रोज थांबवायचा, एवढंच उरलं.

उत्तर लवकर लिही. रागावलीस तरी लिही.

तुझी वहिनी,
दिपमाला

---

धुळे, १२ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस, सा. नमस्कार. वि. वि.

बेमुदत! वहिनी, आमच्या संघटनेत बेमुदत हा शब्द उच्चारण्याआधी तीन बैठका होतात, त्यात दोन भांडणं होतात. आणि तुम्ही एका पळीभर पाण्यात मोकळ्या झालात!

तुमचं पत्र मी भुरीबाईला वाचून दाखवलं. तिला वाटलं तसं मला वाटलं नव्हतं, म्हणून लिहिते. त्यांच्या पाड्यावर जंगल राखायची एक पद्धत आहे. एक काठी आहे. आज ती ज्याच्या दारात, त्या घराने राखणीला जायचं, आणि संध्याकाळी पुढच्या दारात टेकवून यायची. काठी दारात दिसली की आजारी माणूससुद्धा उठतो. भुरीबाईने तुमचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, मग तुझ्या वहिनीचं आमच्यासारखंच की, त्यांच्या काठीला तारा आहेत एवढंच. सिंगा म्हणाला, तारा नकोत, आमची काठी लागली तर मारताही येते. त्यावर भुरीबाईने त्याला विचारलं की इतक्या वर्षांत कोणाला मारलीस ते सांग.

मी वीस वर्षं माणसं गोळा करायची कला शिकते आहे. माणसं घरी जाऊ लागली की आमचं आंदोलन संपतं. आणि तुमच्याकडे माणसं रोज घरी जातात, तरी ते संपत नाही. याचा मी विचार करते आहे.

पण माझी शंका अजून तशीच आहे. पुढारी येईल. तेव्हा काय कराल? आणि मला वीणा धरायला बोलावू नका. ज्यावर माझा विश्वास नाही ती वस्तू हातात धरून उभं राहणं मला तुमची फसवणूक वाटेल.

परवानगीचा अर्ज मी इथून वकिलांकडून लिहून घेतला आहे, सोबत जोडते. सह्या करून टाका.

माया आहे, ती असू द्या.

तुमची,
रूपा

---

।। श्री ।।
पिंपळथडी, रमा एकादशी

चि. रूपा हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

अर्ज दिला. दोन हवालदार पाहायला आले. वाटेवरच चपला काढून मांडवात शिरले, तेव्हाच मी ओळखलं की हे काही उठवायचे नाहीत. कागदावर लिहून घेतलं, प्रसाद घेतला आणि गेले.

तुझा पुढारीही आला. तुझ्या तोंडात साखर पडो म्हणणार नाही, पण आला खरा. तीन गाड्या, हार, झेंडा. म्हणाला, ताई, तुमच्या पाठीशी आहे, दोन शब्द बोलतो. मी हात जोडून सांगितलं की इथे बोलायची रीत नाही. इथे येणारा प्रत्येक जण वीणा धरतो, तुम्हीही धरा, पहारा दोन तासांचा. झेंडा तेवढा गाडीत ठेवा. माणसं पाहत होती, नाही कसं म्हणणार? धरली. झुंबरबाईंनी शेजारी उभं राहून कान लावला आणि सूर चुकला की बोटावर बोट ठेवून दाखवत होत्या. थोड्या वेळाने त्याचा माणूस येऊन कानात काहीतरी बोलला आणि त्याला महत्त्वाची मिटिंग आठवली. फोटो निघाला, पण त्यात पुढाऱ्याचं तोंड सूर लावताना वाकडं झालेलं आहे, म्हणून तो कुठे छापून आला नाही. तर हे उत्तर तुझ्या शंकेला. देवाचं नाव घेऊन बोलायला सगळे येतात गं, गप्प उभं राहायला फार कोणी येत नाही.

आमचा नियम असा. जो ट्रॅक्टर येईल त्याच्या ड्रायव्हरला आधी पाणी, मग चहा. भांडायचं नाही, तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही. वाळूच्या ठेकेदाराने बाहेरची माणसं आणली, तीही इंजिन बंद करून बसतात. एक तर परवा टाळ मागून घेऊन बसला.

पण नियम बाहेरचा सोपा, आतला अवघड. परवा माझ्या पहाऱ्यात समोरून अभिमनभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले, हॉर्न वाजवत राहिले आणि मागे गेले. माझ्या तोंडात नाम होतं आणि मनात काय काय आलं ते लिहवत नाही. पहारा उतरल्यावर मायला विचारलं, असा पहारा धरायचा की नाही? माय म्हणाली, नामाच्या जागी शिवी मोजली तर हिशेब तूच चुकवलास. मग मी झुंबरबाईंच्या वाट्याचा पहारा उभी राहून पुन्हा दिला. दुसऱ्या वेळी जरा स्वच्छ गेला.

आता खरी अडचण. अर्ध्या बाया वेचणीला जातात, सकाळचे पहारे रिकामे पडायला लागले आहेत. पुनम नवऱ्याच्या डोळ्यासमोर दोन दोन पहारे धरते, म्हणून अभिमनभाऊ घरात जेवत नाहीत. आणि ठेकेदाराने त्यांनाच पुढे केलं आहे. गावातल्या माणसाचा पहिला ट्रॅक्टर खाली गेला की मागचे बिनघोर येतील, हे त्याला कळलंय. अभिमनभाऊंनीही तोड काढली आहे. म्हणतात, वीणा खाली ठेवायची नाही ना, नका ठेवू. धरणाऱ्या बाईने दोन पावलं बाजूला सरकावं, तुमचा संकल्पही राहतो आणि माझी वाटही मोकळी. दिवाळी झाली की येतो, म्हणाले. बोलणं बिनचूक आहे, म्हणून तर तुला लिहिते आहे.

तू लिहिलंस, बोलावू नका. मी बोलावते आहे. विश्वास नसला तर नसू दे. हंडा उचलताना विहिरीवर विश्वास आहे का असं कोणी विचारत नाही. भाऊबीजेला येशीलच, तेव्हा पहाटेचा पहारा तुझा.

वाट पाहते आहे.

तुझी वहिनी,
दिपमाला

---

धुळे, २६ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस, सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचले. डावा खांदा अजून दुखतो आहे आणि उजव्या हाताचं बोट सुजलं आहे. हळद लावली, तुम्ही सांगाल म्हणून आधीच लिहिते.

समोर असताना जे बोलता आलं नाही ते लिहिते. पहाटे तुम्ही वीणा हातात दिलीत तेव्हा मी विचारलं, मनात काय आणू? तुम्ही म्हणालात की काही आणू नकोस, सूर सोडू नकोस. मग तो बाहेरचा ट्रॅक्टर आला. माझ्या घशात घोषणा आली होती, वहिनी. वीस वर्षांची सवय. पण बोलायचं नाही. ती घोषणा गिळावी लागली आणि गिळताना कळलं की तिच्यात निम्मा राग होता आणि निम्मी भीती. ती गेल्यावर मी तशीच उभी होते. ट्रॅक्टरवरच्या मुलाने इंजिन बंद केलं, खाली उतरून वीणेला नमस्कार केला. वीणेला म्हणजे मलाच की, मध्ये मी उभी. मी कधी कुठे वाकले नाही आणि तो माझ्यापुढे वाकला. मला फार लाज वाटली, आणि त्या लाजेसकट मी पहारा पुरा केला. याला तुम्ही भक्ती म्हणा, मी अजून म्हणणार नाही. पण एक कबूल करते. समोरच्याला न ओरडता थांबवलं की आपण त्याच्याकडे नीट पाहू शकतो.

दादाला ओवाळताना काय झालं ते तुम्ही स्वयंपाकघरात होतात म्हणून तुम्हाला कळलं नसेल. त्याने ताटात साडी ठेवली. मी म्हटलं, दादा, साडी नको. ओवाळणीत एक पहारा घाल. तो ताटातल्या दिव्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला की भाऊबीजेला देता येणार नाही असं मागू नये. साडी मी घेतली नाही. पाटावरून उठताना त्याचे डोळे भरले होते, पण उठून ट्रॅक्टरच्याच चाव्या शोधल्या.

तो येणार, वहिनी. त्या दिवशी मांडवात कोण असेल ते नीट ठरवा. तुम्ही स्वतः असू नका, तुमच्यावर त्याचा राग आहे.

भुरीबाईला वीणेचं सांगितलं. तिने माझं सुजलेलं बोट पाहून विचारलं की अशी काठी का धरता जी धरणाऱ्यालाच मारते?

काय होतं ते कळवा. इकडे जीव टांगणीला आहे.

तुमची,
रूपा

---

।। श्री ।।
पिंपळथडी, कार्तिक शुद्ध द्वादशी

चि. रूपा हिस, अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल एकादशी झाली, माझा नेम सुटला. मोबाइल कपाटातून काढून पुसून चार्जिंगला लावला आहे आणि तो समोर टुकटुक बघतो आहे. पण ही बातमी फोनवर सांगितली तर हवेत जाईल, म्हणून आधी पत्र.

तू सांगितलंस, मांडवात कोण असेल ते ठरवा. आम्ही ठरवायच्या आत मायने ठरवलं. म्हणाली, आजपासून पहाटेचा पहारा मन्हा. तिच्या गुडघ्यांची गोष्ट काढली तर म्हणाली, गुडघे माझे आहेत, संकल्प गावाचा आहे. झुंबरबाईंना सांगून पाठीशी एक उखळ ठेवून घेतलं. टेकायला नाही, टेकायचा मोह होतो का ते पाहायला.

तिसऱ्या दिवशी काकडा संपत आला होता आणि अभिमनभाऊ आले. मागे आणखी चार ट्रॅक्टर. समोर वीणा घेऊन आपली आई उभी पाहून ते क्षणभर स्टेअरिंगवरच बसून राहिले. मग उतरले, चपला काढल्या. आमचे टाळ थांबले. अभिमनभाऊंनी फार नरमाईने सांगितलं की माय, वीणा खाली ठेवू नको, फक्त एवढी बाजूला सरक.

वीणा धरणाऱ्याने बोलायचं नाही, पण मायने वय झाल्याची सूट घेतली. म्हणाली, सरकस ना रे भाऊ. पण मन्हा पाय आखडनात, वीना धरीसन सरकता येत नही. जरा हाई धर, मंग मी सरकस.

रूपा, भजनी घरचा माणूस. वीणा पुढे आली की हात आपोआप पुढे जातात. त्यांनी धरली. माय शब्दाची पक्की, सांगितल्याप्रमाणे बाजूला सरकली. चांगली सरकली, पार लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली आणि पाय चोळायला लागली.

आणि वाटेच्या मधोमध उभे कोण? अभिमनभाऊ.

त्यांनी आधी मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढचा पहारा माझा होता. मी मूग निवडायला घेतले होते आणि त्या दिवशी मुगात खडे जरा जास्तच निघत होते. झुंबरबाईंकडे पाहिलं तर त्या पदराने टाळ पुसत बसल्या होत्या. पुनम तर पाठ करूनच बसली, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. आता वीणा खाली ठेवता येत नाही, बोलता येत नाही, जागा सोडता येत नाही. त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. ठेकेदाराचा असणार. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. एका हातात दांडी, दुसरा तारेवर, उचलणार कसा? मागचे ड्रायव्हर आधी खुसखुसले, मग एकाने इंजिन बंद केलं, मग सगळ्यांनी.

सगळं शांत झाल्यावर ऐकू आलं की बोट चालतंय. सुरुवातीला नुसतं टंग टंग, मग सूर लागला. वर्षभर भजनाला न आलेल्या माणसाचा सूर इतका स्वच्छ कसा, याचं मला नवल वाटलं. त्यांनी डोळे मिटले. फोन खिशात वाजत होता आणि त्यांना तो ऐकू येत नव्हता, हे आम्हाला दिसत होतं.

ऊन अंगावर आलं तेव्हा मला राहवलं नाही. कितीही झालं तरी लहान दीर, हातांनी वाढवलेला. मी उठले, पदर खोचून पुढे गेले आणि हात पुढे केले. अभिमनभाऊंनी डोळे उघडले आणि मानेनेच नको म्हटलं. पहारा पुरा व्हायचा होता.

पुरा केला. मग वीणा माझ्या हाती देऊन मायच्या पाया पडले आणि मागच्या चौघांजवळ जाऊन काय बोलले ते इथपर्यंत आलं नाही. पण चारही ट्रॅक्टर उलट फिरले, आणि पाचवा सगळ्यांच्या मागून गेला. जाताना अभिमनभाऊ मायला एवढंच म्हणाले की फसवलंस. माय म्हणाली, तूनंच म्हटलं ना सरक, मी सरकनू.

घरचा ट्रॅक्टर मागे फिरल्यावर बाकीच्यांचा धीर गेला. दोन दिवसांनी तालुक्याचे साहेब स्वतः आले. ग्रामसभा या वेळी नदीतच भरली, तिथे ओटा नाही, त्यामुळे सगळे एका पातळीवर बसले आणि ठराव सगळ्यांना ऐकू आला. वाटेवर आडवा चर खणला. पहिली कुदळ कोणाची ते तुला सांगायला नको. आपल्या घरचा ट्रॅक्टर आता कापूस वाहतो.

काल झुंबरबाईंनीच समाप्ती केली. वीणा खाली ठेवताना त्यांनी आधी नदीत ट्रॅक्टर नाही ना ते पाहून घेतलं. आता म्हणतात, पुढच्या वेळी संकल्प कागदावर लिहून वाचेन. मी म्हटलं, मुळीच नको.

वाळू लगेच येणार नाही, हे मला माहीत आहे. एकदोन पूर जावे लागतील, रांजण हळूहळू भरेल. आणि कोणी पुन्हा चर बुजवायला आलाच तर वीणा आता मुक्ताईनगरला परत जाणार नाही. पुना म्हणाला, जिथे धरणारे आहेत तिथे राहू दे. मारुतीच्या मंडळींनी देवळातली खुंटी देऊ केली. माय म्हणाली, नको, घरोघरी फिरू दे. आज ज्याच्या दारात वीणा, त्याने संध्याकाळी नदीवर एक चक्कर मारून यायची. तुझ्या भुरीबाईची काठी गं, आम्ही उचलली तिची रीत. तिला सांग, तारांच्या काठीनेही राखण होते, आणि लागते ती आपल्यालाच लागते, म्हणून दुसऱ्याला मारायचा प्रश्न येत नाही.

आज ती आपल्या दारात आहे. अभिमनभाऊ आत्ता नदीवर गेले आहेत. जाताना साडीची पिशवी माझ्याजवळ देऊन म्हणाले की रूपाला लिहा, ओवाळणी तिने मागितली तीच घातली, आता साडीही घ्यायला ये.

ये गं. आधी पाणी, मग चहा, द्यायला मी आहे.

तुझी वहिनी,
दिपमाला